पाय न टेकता

धावणे ही मूलतः जमिनीवरची क्रिया आहे. पाऊल भूमीला टेकते, भूमी त्यास उलट रेटा देते आणि त्या रेट्याच्या बळावर देह पुढे जातो. पाण्यात माणूस पोहतो, डुंबतो, तरंगतो आणि प्रसंगी बुडतोही. पण तो पाण्यात धावतो असे म्हटले तर ऐकणारा आपल्या तोंडाकडे पाहत राहील. वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत आम्हांलाही तसे काही ऐकण्याचा प्रसंग आला नव्हता. पुढे तो अशा रीतीने आला की, आज आठवड्यातल्या दोन सकाळी आम्ही गळ्याइतक्या पाण्यात पाऊण तास धावत असतो. आणि बालवाडीतले मूल रमतगमत जेवढे अंतर चालून जाईल तेवढेही त्या वेळात कापीत नाही.

इंग्रजीत ह्या व्यायामाचे जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ 'खोल पाण्यातले धावणे' असाच होतो. खोल म्हणजे किती, तर पाय तळाला लागणार नाहीत इतके. कमरेला फोमचा एक रुंद पट्टा आवळायचा. त्याच्या आधाराने देह खांद्यांपर्यंत पाण्यात आणि डोके बाहेर राहते. मग जमिनीवर धावताना हातपाय जसे चालतात तसेच चालवायचे. गुडघा वर, पाय खाली आणि मागे, कोपरे वाकलेली, हात खांद्यापासून हलणारे. एवढेच. ज्यांच्या लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलून दिले गेले, त्या वाचकांना ह्या पट्ट्याचे नवल वाटू नये. डबा पाठीवरून कमरेवर आला आणि पत्र्याचा होता तो फोमचा झाला.

२०२२ च्या नोव्हेंबरात भल्या पहाटे फिरावयास निघालो असता बाजूच्या गल्लीतून आलेल्या एका मोटारसायकलीची धडक बसून आम्ही रस्त्यावर पडलो. त्या तरुणाची हकिगत येथे सांगण्याचे कारण नाही. तो पळून गेला नाही, रिक्षा बोलावून त्यानेच आम्हांला इस्पितळात नेले, एवढे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. उजव्या पायाची नडगी वरच्या टोकाला, गुडघ्याच्या सांध्यालगत मोडली होती. शस्त्रक्रिया झाली, पट्टी आणि स्क्रू बसले. घरी पाठविताना डॉक्टरांनी बजावले की, तीन महिने ह्या पायावर भार टाकायचा नाही.

तीन महिने म्हणजे काही जन्मठेप नव्हे. पण आमच्या घरात मोडलेल्या हाडाचा एक इतिहास आहे. आमचे वडील १९७९ साली वाडीतल्या विहिरीच्या काठावर घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पायाला वजने लावून त्यांना खाटेवर निजविले. ती खाट ओटीवरच्या खिडकीशी होती. दिवसभर केळीच्या पाण्याची पाळी सांभाळणारा, पानवेलीच्या मांडवाखाली वाकून वाकून पाठ कमानीसारखी झालेला तो माणूस खिडकीतून रस्ता पाहत पडून राहू लागला. हाड सांधले की नाही हे शेवटपर्यंत नीट कळलेच नाही, कारण ते सांधेपर्यंत बाकीचे शरीर थांबले नाही. मांड्या काठ्यांसारख्या झाल्या, पाठीला जखमा पडल्या, छातीत कफ भरला. आठव्या महिन्यात ते गेले. हाड मोडल्याने माणूस मरत नाही, पडून राहिल्याने मरतो, हे आमच्या आईने तेव्हा कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाच्या मदतीवाचून ओळखले होते. त्यामुळे आमची स्वतःची खाट जेव्हा त्याच ओटीवर, त्याच खिडकीशी घातली गेली (घरात दुसरी हवेशीर जागा नाही), तेव्हा आम्ही ती पहिल्याच रात्री आतल्या खोलीत हलवावयास लावली. मुलांना हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. सौभाग्यवतींना कारण ठाऊक होते; त्या काही बोलल्या नाहीत.

सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी आमच्या दोन्ही मांड्यांना शिंप्याचा फीत लावून पाहिला. उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटरने भरली कमी. बाई म्हणजे आमच्या धाकट्या मुलीच्या वयाची मुलगी, पण फीत गुंडाळताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही ओळखले. वडिलांच्या खाटेजवळ आलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते असे.

"अंकल, पोहता येतं का?" तिने विचारले.

"वसईत जन्मलो आहोत," आम्ही म्हणालो.

"मग आता पाण्यात पळायचं. फक्त पाय टेकवायचा नाही."

शस्त्रक्रियेची जखम पूर्ण भरलेली असल्याची खात्री करून आणि नवा क्ष-किरण फोटो पाहून डॉक्टरांनी संमती दिली. ह्या दोन गोष्टींवाचून कोणीही पाण्यात उतरू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. उघडी जखम, ताप, त्वचेचा संसर्ग, नियंत्रणात नसलेली फेपरी किंवा हृदयाचा बळावलेला विकार असेल तर पाणी हे औषध नव्हे.

आता थोडे पदार्थविज्ञान. चौतीस वर्षे शाळेत शिकविल्याने ही खोड सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. जमिनीवर धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट ते तिप्पट आघात बसतो. आमचे वजन चौऱ्याहत्तर किलो, म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे किलो. आणि तोही एकदा नव्हे, मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे वेळा. ताज्या सांधलेल्या हाडाला हे सोसणे शक्य नाही. पाण्यात देह जितका बुडतो तितके पाणी तो बाजूस सारतो आणि तितक्या पाण्याच्या वजनाचा उत्थापक रेटा त्यास मिळतो, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त आपण सर्वांनी पाठ केला आहे. त्याचा हिशेब असा की, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता पायांवर निम्म्याच्या आसपास वजन येते, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. आणि पाय तळाला लागलेच नाहीत, तर मोडलेल्या नडगीवर वरून काहीच येत नाही.

मग व्यायाम कशाचा होतो? तो पाण्याच्या दाटपणाचा. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. त्यात पाय पुढे नेताना जसा विरोध होतो तसा मागे आणतानाही होतो. आणि वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. ह्या एका गोष्टीने आम्ही फार प्रभावित झालो. व्यायामशाळेतली वजने तुमची ताकद ओळखीत नाहीत, पाणी ओळखते. हळू ढकलाल तर ते हळू ढकलते, जोर कराल तर जोर करते. दुखू लागले की थांबा, ते त्या क्षणीच थांबते.

तिसरा भाग पाण्याच्या दाबाचा. खोली वाढते तसा दाब वाढतो, हे धरणाच्या भिंतीच्या आकृतीत आम्ही फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखविले. पण तो दाब सुजलेल्या घोट्यावर काय करतो ते कधी मनात आले नाही. सव्वा मीटर खोलीवरच्या पावलाला पाऱ्याच्या नव्वद मिलिमीटरच्या आसपास दाब सर्व बाजूंनी मिळतो. इतका घट्ट आणि इतका सारखा मोजा कोणत्याही कारखान्यात विणता येणार नाही. पायात साचलेले पाणी वर सरकते, सूज उतरते. हाच दाब पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे लोटतो. प्रत्येक ठोक्याला हृदय अधिक रक्त फेकू लागते आणि त्यामुळे तेवढ्याच श्रमाला जमिनीपेक्षा ठोके कमी पडतात, साधारण मिनिटाला दहा ते पंधरा. म्हणून पाण्यात नाडी मोजून आपण किती मेहनत केली हे ठरविणारा फसतो. त्याऐवजी 'अगदी हलके' पासून 'अतिशय जड' पर्यंत पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरतात आणि आपण कोणत्या पायरीवर आहोत हे धावणाऱ्याने स्वतःच सांगायचे असते. छातीकडे वाढलेले हे रक्त पाहून मूत्रपिंडांचा मात्र असा समज होतो की, शरीरात पाणी फाजील झाले आहे. परिणामी पाऊण तासाच्या धावण्यानंतर आम्हां ज्येष्ठांची कपडे बदलण्याच्या खोलीकडे जी शर्यत लागते, ती जमिनीवरची आमची एकमेव शर्यत होय.

पहिल्या दिवसाबद्दल थोडेसे. तालुक्यातल्या एका तरणतलावाशी दोन कुबड्यांवर पोहोचलो. जीवरक्षक म्हणून उभा असलेला तरुण आमचाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गात तो मागच्या बाकावर बसे. "सर, मी आहे," एवढेच म्हणून त्याने कुबड्या हातातून काढून घेतल्या. काठावर बसलो, पट्टा बांधला, दोन्ही हातांनी कठडा धरून अलगद आत उतरलो. आणि लगेच आडवे झालो! विहिरीत आणि बावखलात पोहून वाढलेला देह. पाणी लागले की तो पाय मागे टाकून पालथा होतो, हाताचे तळवे वाटीसारखे होतात आणि पाणी मागे लोटू लागतात. ही सवय मोडायलाच चार दिवस लागले. काठावरून बाईंचा आवाज यायचा, "अंकल, पोहायचं नाही! उभे राहा! मुठी मिटा! सायकल नाही मारायची!" उथळ बाजूला शिकायला आलेली शाळकरी पोरे हे सर्व मोठ्या आवडीने पाहत होती.

हलकेसे पुढे झुकलेले, पण ताठ अंग. गुडघा समोर उचलताना पाऊल घोट्यातून वर, पाय खाली लोटताना बोटे खाली. एका जागी गोल गोल फिरणाऱ्या पायडलासारखे नव्हे, तर खरोखर भूमी मागे सारल्यासारखे. ते जमले तेव्हा जे वाटले ते सांगतो. सात आठवडे ज्या पायाची आम्ही काचेच्या भांड्यासारखी ने-आण केली, तो पाय डाव्या पायाबरोबर, त्याच लयीत, पुढे-मागे जात होता. तो दुखत नव्हता. खाली काही नव्हते आणि तरी आम्ही चालत होतो. दहाच मिनिटांत दम लागला आणि बाईंनी बाहेर काढले. बाहेर येताना, शिडीच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याने आमचे वजन आम्हांला परत केले. ते किती असते हे त्या दिवशी समजले.

पुढे वेळ वाढत गेला. पाच मिनिटे सावकाश, मग अर्धा मिनिट जोराने आणि अर्धा मिनिट हळू, असे आठ वेळा, मग बारा, मग वीस. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस हाड सांधल्याचे दिसल्यावर छातीइतक्या पाण्यात पाय टेकून चालणे सुरू झाले, नंतर कमरेइतक्या पाण्यात, नंतर जमिनीवर काठी घेऊन. मे महिन्यात फीत पुन्हा लावला तेव्हा दोन्ही मांड्यांत एका सेंटिमीटरचा फरक उरला होता. तो अजून आहे. असो बापडा.

पाण्याने अंग सावरण्याची ही कल्पना नवी नाही आणि आपल्या वाचकांना तिच्यातला एक दुवा विशेष वाटेल. बव्हेरियातला एका विणकराचा मुलगा, सेबास्टियन क्नाइप, धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना फुप्फुसाच्या विकाराने खंगला. जलोपचारावरचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती लागले आणि १८४९ च्या हिवाळ्यात तो डॅन्यूब नदीच्या गोठवणाऱ्या पाण्यात थोडा थोडा वेळ बुड्या मारू लागला. तो जगला, १८५२ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढे व्योरिसहोफेन ह्या खेड्यातल्या मठात राहून ह्या फादरांनी जलोपचाराचा असा पसारा उभा केला की, १८८६ सालच्या त्यांच्या पुस्तकाने ते खेडे युरोपभर माहीत झाले. पोप लिओ तेरावे ह्यांनीही १८९४ साली त्यांचा सल्ला घेतला. क्षयरोग गार पाण्याने बरा होतो असे मात्र कोणी समजू नये. त्याची खरी औषधे विसाव्या शतकात आली. पण क्नाइपबाबांचा एक साधा व्यायाम आजही जर्मनीत जागोजागी चालतो. गुडघ्याइतक्या गार पाण्यात बगळ्यासारखे एकेक पाऊल पूर्ण बाहेर उचलून चालायचे. त्यासाठी बांधलेली उथळ कुंडे तिकडे सार्वजनिक बागांत असतात.

दुसरे नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओचे निदान होऊन त्यांचे पाय लुळे पडले. १९२४ साली ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथील नैसर्गिक कोमट पाण्याच्या कुंडात उतरले आणि जमिनीवर न हलणारे पाय पाण्यात थोडे हलताना त्यांना दिसले. पुढे ती जागा त्यांनी विकत घेतली, १९२७ साली तेथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभारली. ते स्वतः मात्र आधारावाचून पुन्हा कधी चालू शकले नाहीत. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण अशा लेखांत पाण्याला चमत्कार करावयास लावण्याचा मोह फार होतो. पाण्याने रूझवेल्टांना पाय दिले नाहीत. हालचाल दिली, आणि तिच्यासाठी ते पुन्हा पुन्हा तेथे जात राहिले. १९४५ साली त्यांचे निधनही तेथेच झाले.

आणि आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर! सैन्यातला मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरलेला हा जवान १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कुठे घरोघर नाव कळले. ह्या दिरंगाईबद्दल आम्हांला जे वाटते ते ह्या नियतकालिकाच्या सभ्य पानांत लिहिता येणार नाही.

खोल पाण्यात प्रत्यक्ष 'धावण्या'ची रीत रुजली ती मुख्यतः अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हिएतनामच्या युद्धात जखमी झालेले अलाबामाचे ग्लेन मॅकवॉटर्स ह्यांनी तिचा प्रसार केला आणि त्यासाठी अंगात घालावयाचे एक तरंगते जाकीट तयार केले. दुखापत झालेले धावपटू तिच्याकडे वळले, कारण त्यांचे दुखणे दुहेरी असते: पाय दुखतो तो एक आणि महिनाभराच्या विश्रांतीत कमावलेला दम जातो तो दुसरा. तो दम पाण्यात टिकतो का, हे पुढे प्रयोगांनी तपासले गेले. त्यांतल्या एका प्रयोगाचे प्रमुख एड आयस्टोन हे स्वतः १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिक स्पर्धांत मॅरेथॉन धावलेले होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोणी सहा आठवडे धावले, कोणी सायकल चालविली, कोणी पाण्यात धावले. शेवटी दोन मैलांच्या धावेत पाण्यातली मंडळी इतरांच्या मागे पडली नाहीत. १९९७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या धावपटूंनी चार आठवडे जमिनीवर पाऊलच टाकले नाही, केवळ पाण्यात सराव केला. पाच किलोमीटरच्या त्यांच्या वेळेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. चार आठवडे! आमच्या वडिलांच्या मांड्या चार आठवड्यांत निम्म्या झाल्या होत्या.

ह्या व्यायामाला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. हाडाला बळकटी येते ती भाराने. भारच नसेल तर हाड मजबूत होण्याचे कारण उरत नाही. म्हणून हाडे ठिसूळ झालेल्या भगिनींनी केवळ पाण्यावर विसंबू नये, जमिनीवरचे चालणे चालू ठेवावे. जमिनीवर पाऊल टेकताना पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू ताणले जात जात भार झेलतात. हे काम पाण्यात घडत नाही. त्यामुळे पाण्यात पाऊण तास धावणारा माणूस बाहेर येऊन पाच मिनिटे धावला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्या कुरकुरतात. परतीची वाट बेताबेतानेच चालावी लागते. शिवाय हा व्यायाम, खरे सांगावयाचे तर, कंटाळवाणा आहे. झाडे मागे जात नाहीत, भुईगावचा किनारा समोर येत नाही, वाटेत कोणी "कसे आहात?" म्हणून हात करीत नाही. समोर तीच निळी फरशी. आम्ही पहिल्या वर्षी त्या फरशा मोजून काढल्या.

कंटाळ्यावर उपाय सौभाग्यवतींनी काढला. त्यांचे गुडघे दहा वर्षे झिजत आहेत. मिस्सेत सर्व जण गुडघे टेकतात तेव्हा त्या बाकावर बसून राहतात आणि आपल्याला कोणी पाहत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहतात. पाण्यातल्या व्यायामाने सांधेदुखी जात नाही, पण थोडी कमी होते, हालचाल सुधारते, एवढे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. हे आम्ही त्यांना वर्षभर सांगत होतो. त्यांची हरकत वेगळी होती. बावखलात उड्या मारायला मुलगे जायचे. मुली काठावर धुणे घेऊन बसायच्या. पासष्ट वर्षे पाण्याशेजारी राहून त्यांना पोहता येत नव्हते आणि ह्या वयात पोहण्याचा पोशाख घालून चारचौघांत जाण्याची कल्पनाही त्यांना सोसत नव्हती. २०२४ च्या उन्हाळ्यात तलावावर अकराची वेळ केवळ स्त्रियांसाठी सुरू झाली आणि शेजारच्या दोघी जणी निघाल्या, तेव्हा त्या "बघून येते" म्हणून गेल्या. लांब बाह्यांचा, पायघोळ पोशाख मिळतो हे तेथे कळले. ह्या धावण्याला पोहता येण्याची गरज नाही. पट्टा हवा आणि जवळ जाणते माणूस हवे.

आता त्या सहा जणींचा एक घोळका झाला आहे. ओळीने धावतात आणि अखंड बोलतात. आम्ही एकदा विचारले, इतके बोलून दम कसा पुरतो? त्या म्हणाल्या, "तुमचं ते धावणं असेल. आम्ही पाण्यातून बाजाराला जाऊन येतो." त्यांची फिजिओथेरपिस्टही सांगते की, बोलता येईल इतपतच वेग ठेवणे ही सुरुवातीची उत्तम मोजपट्टी आहे. मिस्सेत त्या अजूनही बसूनच असतात. मात्र घराच्या तीन पायऱ्या कठडा न धरता उतरतात. पूर्वी पहिल्या पायरीवरच आम्हांला हाक यायची.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. वसईच्या आमच्या पट्ट्यात एके काळी वाडीवाडीत बावखल होते. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, विहिरींचे पाणी गोडे राखी. त्यांतली कितीतरी बुजविली गेली आणि वर इमारती चढल्या. हल्ली काही गावांत तरुण मंडळी उरलेली बावखले उपसून साफ करीत आहेत हे पाहून बरे वाटते. त्यांत उतरून कोणी मोडका पाय चालवावा असे आम्ही सुचवीत नाही. गढूळ पाणी, निसरडा काठ, जीवरक्षक नाही. पण पाणी दाराशी होते तेव्हा ह्या उपायाची कोणाला माहिती नव्हती आणि आता उपाय कळला तर पाणी रिक्षाच्या भाड्यापलीकडे गेले आहे.

आणि तेथे पोहोचल्यावर शिडी. तलावात उतरावयाची शिडी सरळ उभी, पोलादी, गुळगुळीत. ज्याचे पाय धड आहेत त्याच्यासाठीच ती केलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातला कुंडाकाठचा तो अडतीस वर्षांचा रोगी आम्हांला ह्या शिडीपाशी हटकून आठवतो. त्याची तक्रार पाण्याविषयी नव्हती. आपल्याला पाण्यात उतरविणारे कोणी नाही, ही होती. रुंद, उतरत्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बसवावा असा एक अर्ज आम्ही तेवीस जणांच्या सह्यांनिशी तलावाच्या व्यवस्थापनाला दिला आहे. खर्चाचा अंदाज काढण्याचे काम चालू आहे असे समजते.

तोवर आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने आपली व्यवस्था केली आहे. दर मंगळवारी एक आजी येतात. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली त्याला त्यांना वर्ष झाले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघे जण त्यांना खुर्चीसकट खोल बाजूच्या काठाशी आणतात, तिसरा पाण्यात हात पसरून थांबलेला असतो. आजी सत्याऐंशी वर्षांच्या आहेत. पट्टा मात्र त्या कोणाला बांधू देत नाहीत. स्वतःच आवळतात आणि मग आत सोडा म्हणून मान हलवतात.